अडतीस मैलांवरची जाग

डेट्रॉइटला वुडवर्ड रस्त्यावर ट्रामच्या रांगेत इर्मा उभी होती. तिच्या पुढे मोटार कारखान्यातले दोघे होते, म्हातारा तपासनीस ऑरिन आणि त्याचे साहेब; त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"ऑरिन, चालू इंजिनाच्या बॉनेटवर नाणं उभं राहिलं ना? मग सही कर. सोमवारी गाड्या विक्रीला जायच्यात."

"गिऱ्हाईक बॉनेटवर बसतं का, साहेब?"

"म्हणजे?"

"ते बसतं मागे. म्हणून मागच्या सीटवर मी बायकोला बसवलं, विणकाम घेऊन. अडतीस मैलांचा वेग आला की गाडी थरथरायची आणि तिचे टाके सुटायचे. इंजिनाखालचं रबर एकतीस वेळा बदललं."

"आणि बत्तिसावं?"

"एकही टाका सुटला नाही."

"मग घोडं अडलं कुठे?"

"सुटणार कसा? तिला झोप लागली होती."

"अरे, याहून चांगली पावती कुठली हवी तुला?"

"अडतीसला जागी झाली."

"ट्राम आली, चल. उद्या बघू."

"तुम्ही व्हा पुढे. मी तेहतिसावं बसवायला परत चाललोय."

"आत्ता? बायको घरी वाट बघत असेल."

"घरी कुठली? ती केव्हाची मागच्या सीटवर जाऊन बसलीय."