होकाराआधीची तपासणी

मेघना : पण आई, डोळ्यांचे डॉक्टर डोंबिवलीतच आहेत ना? ठाण्याला कशाला आलो आपण?

कलावती : डोंबिवलीत अर्धं गाव ओळखतं मला. बस जरा. डोळ्यांचं नाहीये ते.

मेघना : मग? छातीत वगैरे दुखतंय का? थांबा, सिद्धेशला फोन लावते.

कलावती : त्याला नको! आईनं मुलाला सांगायची गोष्ट नाही ही. सुनेला तरी सांगावी का, तेच कळत नव्हतं.

मेघना : सांगा ना आता. टेन्शन येतंय मला.

कलावती : साईनाथांनी मला लग्नाचं विचारलंय ना...

मेघना : हो, आणि आम्ही दोघंही खूश आहोत. सिद्धेश तर विहारात तारखा विचारून आला.

कलावती : म्हणूनच. हो म्हणायच्या आधी मला रक्त तपासायचंय. एचआयव्ही, आणि ते बाकीचे... तसले आजार.

मेघना : तुम्हाला? तुम्हाला कसं काय होईल?

कलावती : सिद्धूचे पप्पा सुरतेला मिलमध्ये फिटर होते. महिन्यातून एकदा घरी यायचे. तिकडे कुणीतरी होतं. एकदा आले तेव्हा गोळ्या-इंजेक्शनं चालू होती. मला म्हणाले, गरमी झालीय. मला वाटलं, उन्हाची. गरमी म्हणजे तो आजार, हे शेजारणीनं सांगितलं.

मेघना : पप्पा? सिद्धेश तर त्यांच्याबद्दल...

कलावती : बाप म्हणून चांगलेच होते गं. ते त्याच्याकडे राहू दे.

मेघना : मग तुम्ही तेव्हाच का नाही तपासलंत?

कलावती : धीर नाही झाला. मग ते हार्टनं गेले. साधा ताप आला तरी वाटायचं, हे तेच. सिद्धू नोकरीला लागेपर्यंत मला टिकव, एवढंच म्हणायचे मनात.

मेघना : इतकी वर्षं एकट्याच?

कलावती : कुणाला सांगणार? पण आता माझ्यामुळे साईनाथांना काही झालं तर?

मेघना : आई, सॉरी हां, पण आत विचारतील. तुमचं दोघांचं... म्हणजे तसं काही...

कलावती : हात धरलाय फक्त त्यांनी. तोही रस्ता ओलांडताना.

मेघना : बरं बरं. चला, केसपेपर काढू. मी आहे ना.

(रक्त देऊन, रिपोर्ट घेऊन कलावती समुपदेशक मायामॅडमच्या खोलीतून बाहेर येते.)

मेघना : काय झालं? रडताय का?

कलावती : एचआयव्ही नाहीये.

मेघना : मग हसा ना!

कलावती : ती गरमी मात्र आहे. आत दबून बसलेली. मॅडम म्हणाल्या, पेनिसिलिनची इंजेक्शनं घ्यायची, मग परत रक्त तपासायचं. बरं होतं. मी घाबरत बसले भलत्यालाच, आणि होतं ते इंजेक्शननं जाणारं.

मेघना : पण रिपोर्ट पक्का ना? मी ऐकलंय, लगेच तपासलं तर दिसत नाही.

कलावती : ते नुकतंच काही घडलं असेल तर. तेव्हा थोडं थांबून परत तपासायचं, तेही डॉक्टरांना विचारून. माझं जुनं, त्यामुळे आजचाच पक्का.

मेघना : आणि सिद्धेशला काही झालं असेल का?

कलावती : पहिलं तेच विचारलं मी. हे सगळं झालं तेव्हा सिद्धू दहावीत होता. त्याला काही नाही.

मेघना : हुश्श. आता साईनाथकाकांना काय सांगणार?

कलावती : खरं ते. लाव त्यांना फोन आणि दे माझ्याकडे.

साईनाथ : बोला कलावती. आज दुपारीच आठवण?

कलावती : अहो, मी ठाण्याला दवाखान्यात आहे. रक्त तपासलं. मला नवऱ्याकडून आलेला एक आजार निघालाय. गुप्तरोग म्हणतात तो. इंजेक्शनांनी जाईल. तुमचा विचार बदलला तर मी वाईट वाटून घेणार नाही.

साईनाथ : एक मिनिट, टीव्ही बंद करतो.

कलावती : ऐकताय ना?

साईनाथ : ऐकतोय. इंजेक्शन आजच आहे का?

कलावती : हो. पहिलं आत्ता देतायत.

साईनाथ : सोबत कोण आहे?

कलावती : मेघना आहे.

साईनाथ : मग ठीक. मी कल्याणहून निघतो. तिथे येतोच आहे तर माझंही रक्त तपासून घेईन. तुम्ही तपासलंत, मग मी का नको? आणि सकाळपासून काही खाल्लंय का?

कलावती : नाही हो. सुचलंच नाही.

साईनाथ : मग थांबा. मी आलो की जेवू.