येणार, येणार नाही

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही फार चिडता. चिडू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, बोलवायचं कसं, एवढंच ठरवायचं होतं. आमची कुसुम शाळेतून रिटायर झाली, म्हटलं बुधवाऱ्यातल्या आपल्याच घराच्या गच्चीवर घरच्या माणसांचं जेवण करू. मी म्हटलं, कार्ड छापू. तर आमचे चिरंजीव ऋषिकेश, मोबाईलमधून मान वर न काढता, "पप्पा, कार्ड अब कौन छापता है? मी लिंक बनवतो ना." कुसुम म्हणते, "काही नको, मी फोन करते सगळ्यांना." मी म्हटलं, बरं, मोठ्यांना तरी घरी जाऊन कुंकू लावून सांगू... पण ऐकतं कोण?

पोरानं लिंक पाठवलीच. कुसुमचा फोटो, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत, मागं सनई, आणि खाली दोन बटनं. 'येणार' आणि 'येणार नाही'. हे कशाला रे? तर म्हणे, "केटरिंगवाल्याला गिनती द्यावी लागते."

आता माझी मोठी बहीण मालूबाई, आम्ही जीजी म्हणतो, तापीकाठच्या गावात असते, केळीची शेती आहे. आई लवकर गेली, हिनंच मला वाढवलं. सुनेनं तिला ती लिंक दाखवली, लगेच फोन. "गिरधर, तू मले इचारतो, येशीन का नाही? भावाच्या घरी याले आता बटन दाबा लागते?" म्हटलं, जीजी, ते सगळ्यांनाच आहे गं... "मंग जेवू घाल सगळ्यायले. मी दाबलं. नाहीचं."

बोलवायचं कसं, एवढंच ठरवायचं होतं, आणि बहीण तुटायची वेळ आली? दुसऱ्या दिवशी मावा जिलेबी घेतली, कुंकवाची डबी खिशात, भर उन्हात स्कूटरवर निघालो. जीजीनं पाणी दिलं, आणि पाठ करून तांदूळ निवडत बसली. शेवटी म्हटलं, तू येणार नसशील तर जेवणच रद्द करतो. तेव्हा म्हणते, "रद्द कायले करतो? माही साडी कवाचीच इस्त्रीले गेली." मग नाही कशाला दाबलंस? तर शांतपणे, "तू येतो का, ते पाहाले."

जेवण झकास झालं. जीजी कुसुमच्या शेजारी बसून चार घास जास्तच जेवली. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात हात धुता धुता कुसुम म्हणते, "अहो, भूपेंद्र कुठं दिसला नाही?"

भूपेंद्र म्हणजे हिचा एकुलता एक भाऊ, राजपुऱ्यात राहतो, पायी जावं इतकं जवळ. हिला वाटलं, पोरानं लिंक पाठवली. पोराला वाटलं, "मामा को तो मम्मी फोन करेगी." मला वाटलं, हिचाच भाऊ, मी कशाला जाऊ? बोलवायचं कसं, यावर घर डोक्यावर घेतलं, आणि बोलावलं कुणीच नाही. हिनं फोन लावला, तर तो अगदी गोड आवाजात, "ताई, स्टेटसवर फोटो पाहिले. छान झालं हां जेवण." आणि ठेवला.

तेव्हापासून कुसुम बोलत नाही. पोराशी बोलते. माझ्याशीच नाही.

तर चाललोय राजपुऱ्याला. जेवण परवा झालं, निमंत्रण आज द्यायचंय.