वैशीचा फोन आधी दुबईला

आता तुमीच सांगा बायांनो, ह्याला काय न्याव म्हणायचा? माझी नात वैशी फोनच्या कारखान्यात खोक्यांत फोन भरती. म्हणाली, "आज्जी, माज्या हातनं गेलेला नवा फोन माज्याच पगारातनं घेणार." म्हणून अंथुर्ण्याहून आमी दोघी इंदापूरला दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "आज्जी, त्यो फोन दुबईत इकायला बी लागला. आपल्याकडं दिवाळीनंतर."

"आरं, पोरगी हितं भरती आन् दुबईला आधी कसा?"

"कंपनी ठरवती. जिथं किंमत चांगली येती, तिथं पहिला माल. आपली पाळी मागनं."

वैशीचं तोंड एवढंसं झालं. त्यो हसून म्हणाला, "पाहुण्यांची पंगत आधी, घरची मागनं. आपलीच रीत न्हाय का?"

माझं डोस्कंच फिरलं. म्हणलं, "व्हय, रीत हाय! पण आमच्यात पाहुणं जेवायला बसायच्या आधी भाजीचं मीठ सैपाक करणारीच चाखून बघती. हिनं त्यो फोन अजून चालू करून बी बघितला न्हाय!"