डावीकडून येणारा आवाज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कारखान्याचे मालक. प्रमुख पाहुण्या म्हणून वेळात वेळ काढून आलेल्या आमच्या थेरपिस्ट बाई. ज्यांच्यासाठी आज आपण सगळी मशिनं बंद ठेवून इथे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, काज-बटण विभागाच्या काकू. काकूंचे यजमान आणि सूनबाई. आणि शिलाई, इस्त्री, पॅकिंग अशा सगळ्या विभागांतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मालकांनी मला मघाशी कानात सांगितलं, ‘मास्तर, थोडक्यात बोला.’ मी ‘हो’ म्हटलं. पण मला सांगा, काकूंविषयी थोडक्यात कसं बोलायचं? ज्या बाईने साधं ‘दोरा संपला’ हेसुद्धा कधी एका वाक्यात सांगितलं नाही, तिचा निरोप समारंभ दोन मिनिटांत उरकायचा? हे काही मला जमायचं नाही. तेव्हा मालक, चहाला थोडा उशीर होईल.

जी नवी मंडळी आहेत त्यांच्यासाठी सांगते. बाईमाणूस असूनही मला इथे सगळे मास्तर म्हणतात, कारण मी कटिंग करते. आपल्याकडे हॉटेलांचे, दवाखान्यांचे, शाळांचे गणवेश होतात. त्यात शिलाई बिघडली तर उसवता येते. कटिंग बिघडलं की कापड वाया. त्यामुळे मला कामाचा थोडा तोरा होता. थोडा म्हणजे किती, ते काकूंना विचारा. त्या माझ्याहून वयाने जरा मोठ्या, पण आमचं फारसं सूत जुळत नव्हतं. मला काम करताना शांतता लागायची आणि काकूंना श्वास घेतल्यासारखं बोलायला लागायचं. मी मालकांकडे तक्रार करून त्यांचं टेबल खिडकीपाशी हलवून घेतलं होतं. काकू, मान हलवू नका, सगळ्यांना माहीत आहे ते.

मग तो अपघात झाला. वरच्या फळीवरून कापडाचा गठ्ठा काढायला मी स्टुलावर चढले. गठ्ठा सुटला, स्टूल कलंडलं, आणि डोक्याची उजवी बाजू टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटली. एवढंच मला आठवतं, आणि तेही लोकांनी सांगून सांगून माझं झालेलं आठवणं आहे. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा हात-पाय हलत होते, बोलता येत होतं, माणसं ओळखू येत होती. भेटायला येणारे सगळे म्हणायचे, ‘वाचलात हो, थोडक्यात निभावलं.’ मलाही तसंच वाटत होतं.

घरी आले आणि मला एक-एक विचित्र वाटू लागलं. म्हणजे, घरच्यांचं वागणं विचित्र वाटू लागलं! आमचे हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, बोलण्यात अतिशय काटकसरी. ते मला ताट वाढायचे, माझं जेवण झालं की काही न बोलता ताट गोल फिरवायचे, आणि बघते तर पुन्हा वाढलेलं! मी म्हणायचे, ‘अहो, पुरे झालं, किती वाढता?’ ते म्हणायचे, ‘घे थोडं.’ मला वाटायचं, आजारपणामुळे फार लाड चाललेत. दारातून जाताना माझा डावा खांदा चौकटीला आपटायचा, तर मी चौकटीला बोल लावायचे. केस विंचरले की उजवीकडे नीट भांग आणि डावीकडे घरटं. कोणी सांगितलं तर मी चिडायचे. चिडणं तर इतकं वाढलं होतं की आमच्या ह्यांनी घरात पाऊल न वाजवता चालायची सवय लावून घेतली.

पण ह्या सगळ्यापेक्षा मला एक गोष्ट फार लागली होती. माझी मुलगी माझ्याजवळ फिरकत नव्हती. आज ती समोर बसली आहे, तिची परवानगी घेऊनच सांगते. तेव्हा ती कॉलेजात जात होती. जेवायला बसलो की मी ह्यांना विचारायचे, ‘आजही नाही आली ती? आईला बरं नाही तर पोरीला एवढाही वेळ नाही?’ हे माझं ताट फिरवायचे. एकदा तर मी म्हणाले, ‘अशी लेक असण्यापेक्षा नसलेली बरी.’ त्यावर घरात जी शांतता पसरली, ती मला आठवते. का पसरली, ते मात्र कळलं नाही.

मग आम्ही ह्या थेरपिस्ट बाईंकडे गेलो. बाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाल्या, ‘तुम्ही कटिंग करता ना? मला एक सदरा काढून दाखवा.’ मला हसू आलं. मी झरझर काढला. बाई म्हणाल्या, ‘पूर्ण झाला?’ मी म्हटलं, ‘झाला की.’ आमचे हे खाली बघायला लागले. मी म्हटलं, ‘काय चुकलंय? बाही नीट आहे, कॉलर नीट आहे.’ आता तो कागद बघितला की कळतं, एकच बाही होती, अर्धीच कॉलर होती. पण तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं की सदरा पूर्ण आहे.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, ‘घरी कोण कोण असतं?’ आणि माझा बांध फुटला. मी म्हटलं, ‘असतं कोण? हे आणि मी. मुलगी आहे, पण ती तोंडही दाखवत नाही.’ बाई उठल्या, माझ्या हनुवटीला हात लावला आणि माझा चेहरा हळूच डावीकडे वळवला. आणखी थोडा. आणखी थोडा.

तिथे माझी मुलगी बसली होती. डोळे पुसत होती.

मी म्हटलं, ‘तू कधी आलीस?’

ती म्हणाली, ‘आई, मी तुमच्याबरोबरच आले. रिक्षात तुझ्या शेजारी होते. जेवताना पण मी इथेच असते, तुझ्या डावीकडे, तू चिडशील म्हणून न बोलता. रोज.’

म्हणजे ती रोज माझ्या शेजारी बसून ऐकत होती. मंडळी, डोक्याला टाके पडले तेव्हा दुखलं नव्हतं, तेवढं तेव्हा दुखलं.

बाईंनी मग समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत, पण मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की कधीकधी मेंदू डावीकडे लक्षच देत नाही. आणि गंमत अशी की, लक्ष देत नाही हेही त्याला कळत नाही. मी विचारलं, ‘कधी बरं होईल?’ बाई म्हणाल्या, ‘सुधारेल. किती, ते आज सांगत नाही. पण मान वळवायला शिकता येतं.’ त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. आम्ही टेबलाच्या, ताटाच्या, पुस्तकाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची. मुलीला त्यांनी सांगितलं, ‘डावीकडून बोलत राहा. आवाज आला की लक्ष तिकडे जातं.’ ऐकायला मजेशीर वाटेल, पण एक पान वाचून संपलं की मी डोंगर चढून आल्यासारखी झोपायचे. दोन माणसं एकदम बोलायला लागली की डोकं बंद पडायचं. तरी हळूहळू ताट फिरवायची गरज कमी झाली. दाराच्या चौकटीशी माझं भांडण मिटलं.

आणि मग मला वाटलं, झालं! आता कामावर जायचं. बाई म्हणाल्या, ‘इतक्यात नको.’ मी ऐकते कुठली? मालकांना फोन केला, आवाजात असा काही जोर आणला की ते बिचारे ‘या’ म्हणाले.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी माझ्या टेबलावर फुलं ठेवली होती. दवाखान्याच्या कोटांची मोठी ऑर्डर होती. कापडाचे थर लावून तयार होते. त्यांचं डावं टोक धरायला त्या दिवशी कोणी नव्हतं, म्हणून काकू खिडकीपासून उठून आल्या. मी कटिंगचं मशिन सुरू केलं. हाताला सगळी सवय होती, मला इतकं बरं वाटत होतं! तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. मशिन बंद केलं, मान वळवली. काकूंच्या ब्लाउजची लांब बाही मनगटापाशी चिरली होती. हात थोडक्यात वाचला होता. तो हात तिथे होता हे मला माहीतच नव्हतं.

 मीच ॲप्रन काढला, घडी घातली आणि घरी गेले.

मालकांनी निरोप पाठवला, आखणीचं काम घ्या, खडूने फक्त रेघा मारा. मी नाही म्हटलं. ज्या हाताने कापड कापलं त्या हातात नुसता खडू? मी घरी बसले. दिवसभर खिडकीत बसायचे, तेही असं की रस्ता उजवीकडे येईल. मुलगी डावीकडून बोलत राहायची, मी ‘हं’ करायचे. आमचे हे एकदा एवढंच म्हणाले, ‘लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतला माणूस आपणहून काही करू शकत नाही. बाहेरून कोणीतरी यावं लागतं.’ आमच्या संसारातलं हे त्यांचं सगळ्यांत लांब भाषण.

बाहेरून काकू आल्या. न कळवता, भर दुपारी. दारातूनच बोलायला सुरुवात. उन्हाळा किती, जिने किती, सूनबाईचा भाऊ कसा आहे. मग माझ्यासमोर हात धरला, उलटा-सुलटा करून दाखवला.

‘बघ. आहे ना जागेवर?’

 मी म्हटलं, ‘काकू, जाऊ द्या मला. माझ्याने नाही व्हायचं.’

‘मशिन नाही व्हायचं,’ त्या म्हणाल्या. ‘मशिनला मीही आता हात लावू देणार नाही. पण नमुन्याचे कपडे कात्रीने कापतात ना? एका वेळी एक. घाई नाही. मालकांशी बोलून आले मी.’

‘आणि डावी बाजू?’

‘तिथे मी उभी राहते. तुझ्या लेकीने सांगितलंय मला, तिकडून आवाज आला की मान वळते म्हणून. आता मला सांग, अख्ख्या कारखान्यात आवाजाचं काम माझ्याहून चांगलं कोण करील?’

मी अपघातानंतर पहिल्यांदा पोट धरून हसले, ते त्या दुपारी.

तर मंडळी, जे टेबल मी तक्रार करून खिडकीपाशी पाठवलं होतं, ते माझ्या टेबलाच्या डावीकडे आलं. आणि पुढची कित्येक वर्षं काकू माझ्या डाव्या कानाशी बोलत राहिल्या. त्यांच्या जावेचं माहेर मला माझ्या माहेरापेक्षा जास्त पाठ आहे. त्यांच्या गुडघ्याचा इतिहास मी परीक्षेला बसून लिहू शकते. माझी कात्री डाव्या कडेला जायला लागली की त्यांचा आवाज चढायचा. मी मान वळवली की खाली यायचा. मी दमले की त्यांना माझ्याआधी कळायचं आणि त्या म्हणायच्या, ‘चल, मला बसायचंय.’ बसायचं मला असायचं. नव्या पोरांना वाटायचं, ही बाई किती बडबड करते! अरे, ती ड्युटीवर होती.

लोक मला विचारतात, पूर्ण बऱ्या झालात का? काय उत्तर देऊ? गर्दीत अजून माझा गोंधळ होतो. रस्ता एकटीने ओलांडत नाही. मोठं मशिन तरुण मास्तर चालवतो आणि छान चालवतो. पूर्वीची मी परत आली नाही. पण ही जी आहे, तिच्याशी घरच्यांचं जमलंय, माझंही जमलंय.

आता एकच गोष्ट सांगते आणि थांबते. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका कोटाचा नमुना कापत होतो. मी डावी बाही कापली, कडेपर्यंत गेले, कात्री ठेवली. काहीतरी वेगळं वाटलं. मान वळवून बघते तर काकू हातात काजाचं काम घेऊन गप्प बसलेल्या. मी घाबरले. म्हटलं, ‘काकू, बरं वाटत नाही का? गप्प का?’

त्या म्हणाल्या, ‘सकाळपासून गप्प आहे मी. आज तिसरा कोट आहे तुझा.’

मी तिन्ही कोट उलगडून बघितले. दोन्ही बाजू, दोन्ही बाह्या. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग इतक्या वेळाचं जे साठलं होतं ते सगळं जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगून टाकलं. तेव्हाच मला कळलं की त्या आपल्या निवृत्तीनंतरची तयारी करतायत. स्वतःची नव्हे. माझी.

काकू, उद्यापासून तुमची जागा रिकामी असेल आणि मला ती रिकामी दिसेल. एक काळ असा होता, की तिथे कोणी नाही हेसुद्धा मला कळलं नसतं. उद्या ते कळेल, आणि वाईट वाटेल. हे वाईट वाटणंही मला तुम्हीच मिळवून दिलंय.

मालकांनी मला परत उभं राहायला जागा दिली, थेरपिस्ट बाईंनी खरं सांगितलं, काकूंच्या घरच्यांनी त्यांना उशिरा घरी येऊ दिलं, माझ्या लेकीने तिच्या आईचं न कळता बोललेलं पोटात घातलं आणि आमच्या ह्यांनी न बोलता ताट फिरवलं, ह्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलता बोलता कोणाचा उल्लेख राहिला असेल, कुठे शब्द कमी-जास्त झाला असेल, तर आपली समजून पदरात घ्या. काकू, या पुढे, माइक घ्या. आज मी ऐकायला बसते.