सुताराची मुलगी

आजोबा : ...मग झाडातली परी म्हणाली, ‘सुतारदादा, झाड तोडू नकोस. हवं ते माग.’ सुताराने घर मागितलं. मिळालं. मग हवेली मागितली. तीही मिळाली!

चिमी : मग?

आजोबा : मग पठ्ठ्या म्हणतो, ‘सूर्य मी सांगेन तेव्हाच उगवायला हवा!’ झालं, परी संतापली. हवेली गेली, घर गेलं, सुतार पुन्हा उघड्यावर. का बरं?

चिमी : हावरट होता म्हणून.

आजोबा : शाब्बास! आहे त्यात सुख मानावं. आता बघ, आपली शाळा काय वाईट आहे? त्या लांबच्या शाळेत, परक्या लोकांत—

आई : अण्णा, पुरे!

आजोबा : अगं, नातीला गोष्ट सांगतोय.

आई : गोष्ट कसली, वेसण आहे ती! माझ्याही नाकात घातली होतीत तुम्ही.

आजोबा : आवाज खाली.

आई : नाही करणार! नर्सिंगला नंबर लागला होता माझा. गाडीचं तिकीटसुद्धा काढलं होतं. तुम्ही इथेच, हातात रंधा धरून, हीच गोष्ट सांगितलीत. मी तिकीट फाडलं. सतरा वर्षं शिलाई मशीनवर मान मोडतेय.

आजोबा : तुझं वाईट व्हावं म्हणून सांगितली का? तुझी आई नुकतीच गेली होती.

आई : म्हणजे तुमचा स्वयंपाक करायला कोणी नव्हतं!

आजोबा : तोंड सांभाळ!

चिमी : भांडू नका ना. मी नाही जात.

आई : तू गप्प बस! परीक्षेत पहिली आलीस म्हणून बोलावलंय त्यांनी. जायचं म्हणजे जायचं. आणि ऐक, यांनी गाळलेलं मी सांगते. त्या सुताराला एक मुलगी होती. ती म्हणाली, ‘परीबाई, हवेली राहू दे, मला शिकायचंय.’

चिमी : मग परी चिडली?

आई : परी कशाला चिडेल? बाप चिडला.

(रंधा दोनदा लाकडावरून फिरतो आणि थांबतो.)

आजोबा : चिडला नव्हता गं. घाबरला होता. रिकाम्या घरात एकटं बसायला घाबरला होता.

आई : मग तसं म्हणायचं होतंत! थांबले असते मी, आनंदाने थांबले असते. हावरट कशाला म्हणालात मला?

चिमी : आजोबा... बोला ना काहीतरी.

आजोबा : चिमे, तुझं सगळ्यात मोठं पुस्तक आण. माप घेतो. जाताना पेटी लागेल तुला.

चिमी : खरंच? कडीची?

आजोबा : कडीची. पळ. ...पोरी, तुलाही करून द्यायला हवी होती मी.

आई : हो. द्यायला हवी होती.