बाबांची धार

हॅलो?… हो आई, बोल. थांब, लेथ मशीन बंद करते… हं, बोल आता.

कपाटातलं? कुठलं टूल?… हो, मीच आणलं… अगं ओरडू नकोस, आधी ऐक ना! तू ते ज्यात गुंडाळून ठेवलं होतंस, तो रुमाल नीट घडी करून खिशात ठेवलाय माझ्या.

विचारलं असतं तर दिलं असतंस का?… मग!

अगं, बाजारातली टूलं आहेत की पेटीभर. पण ती लोखंडासाठी. हे रबर आहे. गोल नाकाचं टूल लावलं की रबर नुसतं दबतं, पुढे सरकतं आणि फाटतं. सीलची कड उंदराने कुरतडल्यासारखी! सकाळपासून नाकी नऊ आलेत… मग बाबांचं ते पातळ, चोचीसारखं टूल लावलं. काय सांगू तुला! सबंध फीत सुटली, सफरचंदाच्या सालीसारखी. मला वाटलं, मागे उभे राहून बघतायत.

रडू नकोस ना… मग मलाही येतं.

दवाखान्याच्या पंपाचे सील आहेत गं. पाणी बंद पडलंय तिथे. प्लंबरकाका बाहेर बसून आहेत. सहा हवेत, चार झाले… तेच सांगतेय. पाचव्याला रबर ओढायला लागलं. धार गेली… नाही गं, पाडलं नाही! वापरलं की धार जाणारच.

पाजळावं लागेल… माहीत आहे मला. त्यांच्या हातची धार आता तेवढीच उरली होती. ते गेल्यापासून दीड महिन्यात त्यांची बाकीची सगळी टूलं मीच घासून घासून बिघडवली, हात बसवण्याच्या नादात… हो, चुकलंच माझं. ते 'ये, बघ' म्हणायचे, आणि मी 'उद्या बघते' म्हणायचे. रोज.

मग धार नको लावू? तसंच परत आणू?… सांग, काय करू?

काय? कुठला अंगठा?… डावा. टूलच्या खाली. बरं… तुला कसं माहीत?… हो, चहा घेऊन उभी राहायचीस. पंचवीस वर्षं… कोपर बरगडीला टेकवायचं. हं… चार मोजले की पाण्यात. हो, तापून निळं पडलं की धार मेली, हे मलाही सांगायचे.

फोन फळीवर ठेवते. स्पीकर लावलाय. ग्राइंडर चालू करते हं… ऐकू येतंय? असाच आवाज यायचा?… नाही?… जड लागतोय? बरं, हात हलका करते… एक, दोन, तीन, चार. बुडवलं… परत घेते. आता?… अजून थोडं तिरकं? असं?…

आता, आई? असाच ना?…

आई?…

बरं. रड तू. फोन नको ठेवूस. मी मोजते… एक, दोन…