एक काडी पुरे

हॅलो?… हो, वहिनी, बोल. थांब, मशीन बंद करते… हं, आता येतंय ऐकू.

धाकटा भाऊ कुठाय माझा?… जेवला नाही? अगं, मग चहा तरी पाज त्याला. म्हणावं, ताईनं सांगितलंय.

नाही गं, पोलीस आले नाहीत. चार वाजता मलाच बोलावलंय… हो, एकटीला. त्याचं नाव नाही तक्रारीत, वकीलबाईंनी दोनदा वाचून दाखवलं… अगं ऐक ना! त्यानं काही केलंच नाही. माझा निरोपसुद्धा त्याला मिळाला नव्हता. तो बिचारा कारखान्याची किल्ली परत देऊन मुकाट घरी आला.

कसं म्हणजे?… सवय नडली माझी. खोळी शिवताना हात कापडात असतात ना, म्हणून सोफ्याच्या गाद्यांची मापं मी कारखान्याच्या ग्रुपवर बोलूनच टाकते. परवाही टाकली. 'अठरा बाय बावीस, सहा नग.' आणि मग त्याला पाठवतेय असं समजून पुढचं… तेही तिथेच. मालकासकट नऊ जणांच्या कानात. त्याला तर आधीच काढलेलं ग्रुपवरून.

हो, असंच बोलले. 'बारा वर्षं राबवून हाकललं ना तुला? पेटवून दे तो कारखाना. थिनरचे डबे मागच्या दाराशीच असतात, एक काडी पुरे. दुपारी दोनला जा, चिटपाखरू नसतं.'

रडू नकोस गं… हो, काही जळलं नाही, मीही तेच म्हटलं वकीलबाईंना. त्या म्हणाल्या, त्यानं शिक्षा कमी होईल, गुन्हा पुसला जाणार नाही. एवढ्या मोठ्या गुन्ह्याला चिथावणं हाही गुन्हाच.

काय?… थट्टा केली म्हणून सांगू?… नाही, वहिनी. थट्टा नव्हती ती. त्या घटकेला मला खरंच धूर बघायचा होता. सकाळी ज्या जिभेनं देवाचं नाव घेतलं, त्याच जिभेनं…

आणि चिटपाखरू नसतं म्हणाले ना मी? असतं गं! पॉलिशकाका असतात. दोन ते तीन, मागच्या दाराशीच, फोमच्या गठ्ठ्यावर आडवे. कानाशी ओरडलं तरच ऐकू येतं त्यांना. लांबून कुणी कितीही ओरडलं असतं तरी… मला ठाऊक होतं. रागात अख्खा माणूस विसरले मी.

हो… हो… थांब हं, दार वाजतंय…

नाही, पोलीस नाहीत. काका आलेत… हसतायत गं. साधा बटणांचा फोन त्यांचा, ते कुठले ग्रुपवर! कुणी सांगितलेलंच दिसत नाही. हातांनी माप दाखवतायत… उशी, वहिनी. उरल्यासुरल्या फोमची उशी कबूल केली होती मी त्यांना. दुपारच्या झोपेसाठी… झालीय शिवून. ही काय, मांडीवरच आहे.

नको, तू नको येऊस… नाही, लपवणार नाही. पोलिसांना चारला सांगायचंच आहे, आधी यांना सांगते… हो ना, ओरडूनच सांगावं लागेल. सगळी गल्ली ऐकेल… ऐकू दे.

या, काका. बसा… ठेवते गं.